वाढत्या वयातील व्यवस्थापन शिक्षण : प्रवेशाच्या वाटा आणि पूर्वतयारी

स्पर्धा परीक्षांच्या क्षेत्रात वय हा सर्वांत कठोर निकष असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवारास वयाच्या ३२ वर्षांपर्यंत व सहा वेळा बसता येते. इतर मागासवर्गीय उमेदवारास ३५ वर्षांपर्यंत व नऊ वेळा, तर अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारास ३७ वर्षांपर्यंत ही संधी मिळते. ही मर्यादा ओलांडल्यानंतर गुणवत्तेचा प्रश्नच उरत नाही. अर्जच ग्राह्य धरला जात नाही. अनेक वर्षे या चौकटीत वावरलेल्या उमेदवाराच्या मनात प्रत्येक प्रवेशद्वाराला अशीच वयाची कडी असणार, असा समज रुजणे स्वाभाविक आहे.

व्यवस्थापन शिक्षणाच्या बाबतीत हा समज खरा नाही. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेस, म्हणजे कॅटला, कमाल वयोमर्यादा नाही. पदवीला किमान ५० टक्के गुण (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ४५ टक्के) असल्यास २१ वर्षांचा तरुण आणि ४१ वर्षांचा अभियंता एकाच दिवशी ही परीक्षा देऊ शकतात. अनुभवी उमेदवारांसाठी तर देशातील अनेक नामवंत संस्थांनी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केले आहेत.

तथापि, वयोमर्यादा नाही याचा अर्थ वयाचा विचार होत नाही, असा नव्हे. येथे वयाचा आकडा तपासला जात नाही. गेलेल्या वर्षांत उमेदवाराने काय केले, याचा हिशेब मात्र बारकाईने तपासला जातो. हा फरक न समजल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण ‘आता उशीर झाला’ म्हणून अर्जच करीत नाहीत. तर काही जण केवळ वयोमर्यादा नाही एवढ्या आधारावर आपल्याशी न जुळणारा अभ्यासक्रम निवडून दोन वर्षे आणि मोठी रक्कम खर्च करतात. म्हणूनच अधिक वयाच्या उमेदवारापुढील पर्याय, निवडीचे निकष आणि आर्थिक बाजू यांची नीट माहिती असणे आवश्यक ठरते.

दोन परंपरा

व्यवस्थापन शिक्षणात आरंभापासून दोन परंपरा समांतर चालत आल्या आहेत. एक नवपदवीधरांना उद्योगासाठी तयार करणारी, तर दुसरी कामाचा अनुभव घेतलेल्यांना काही काळ पुन्हा वर्गात आणणारी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९३१ मध्येच उद्योगांतील अनुभवी व्यक्तींसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तो ‘स्लोन फेलोज’ या नावाने प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये नोकरी सांभाळून पूर्ण करता येणारा एक्झिक्युटिव्ह एमबीए अभ्यासक्रम सुरू केला. फ्रान्समध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या इन्सिआड या संस्थेने एका वर्षाच्या एमबीएचा पाया घातला आणि युरोपात तो नमुना रूढ झाला.

संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हे या दुसऱ्या परंपरेचे बोलके उदाहरण होय. १९६२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवेत असलेले अन्नान १९७१-७२ मध्ये स्लोन फेलो म्हणून मॅसॅच्युसेट्स येथे दाखल झाले. त्यांचा जन्म १९३८ चा. म्हणजे वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी मिळविली आणि ते पुन्हा आंतरराष्ट्रीय प्रशासनात परतले. १९९७ मध्ये ते सरचिटणीस झाले, तर २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघासमवेत त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शिक्षणामुळेच ते त्या पदावर पोहोचले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु सेवेच्या मध्यावर वर्गात परतणे हे मागे पडणे नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

भारतात प्रथम रुजली ती नवपदवीधरांची परंपरा. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ मध्ये सुरू झाली, तर बंगळूर येथील आयआयएम १९७३ मध्ये. या संस्थांची ओळख बनलेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रामुख्याने विशीच्या पूर्वार्धातील विद्यार्थ्यांसाठी होता. नोकरदारांसाठी अल्प मुदतीची प्रशिक्षणे होत असत. पण पूर्णवेळ अभ्यासक्रमाची वाट बराच काळ अरुंद होती.

उदारीकरणानंतर उद्योगांचा विस्तार झाला, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या अभियंत्यांची मोठी पिढी तयार झाली आणि चित्र बदलले. हैदराबाद येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने अनुभवी उमेदवारांसाठी एका वर्षाचा अभ्यासक्रम आणला. आयआयएम अहमदाबादने २००६ मध्ये, तर कोलकाता संस्थेने २००७ मध्ये अनुभवी अधिकाऱ्यांसाठी एका वर्षाचे पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम सुरू केले. बंगळूर, लखनौ व इंदूर या संस्थांनीही हाच मार्ग स्वीकारला.

पर्याय कोणते?

अधिक वयाच्या उमेदवारासमोर आज साधारणतः चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय कॅटमार्गे दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा. येथे कामाच्या अनुभवाची अट नाही. वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी विशीतील असतात आणि शेवटी भरतीसाठी येणाऱ्या कंपन्या मुख्यतः प्रारंभीच्या व्यवस्थापकीय पदांसाठी उमेदवार निवडतात.

दुसरा पर्याय एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा. पदवीनंतरचा पूर्णवेळ कामाचा अनुभव ही येथील मूळ अट असते. आयआयएम अहमदाबादच्या अभ्यासक्रमासाठी किमान चार वर्षांचा, तर कोलकाता, बंगळूर व लखनौ येथील आणि जमशेदपूरच्या एक्सएलआरआय संस्थेतील अशा अभ्यासक्रमांसाठी किमान पाच वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो. वर्गाचे सरासरी वय तिशीच्या आसपास असते. त्यामुळे ३४ किंवा ३६ वर्षांचा उमेदवार येथे अपवाद ठरत नाही.

तिसरा पर्याय नोकरी न सोडता शिकण्याचा. आयआयएम बंगळूरचा शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा मुंबईत जमनालाल बजाज संस्थेचे तीन वर्षांचे सायंकालीन अभ्यासक्रम ही याची परिचित उदाहरणे होत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) यांच्या दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचा खर्च तुलनेने बराच कमी असतो. पदोन्नतीसाठी पदवीची आवश्यकता असणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते उपयुक्त ठरतात. मात्र या पर्यायात भरतीची सोय सहसा नसते. उमेदवार आहे त्याच क्षेत्रात पुढे जाणार, हे येथे गृहीत असते.

चौथा पर्याय विशिष्ट गटांसाठीचा. आयआयएम बंगळूरने २००२ मध्ये केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या सहकार्याने सनदी अधिकाऱ्यांसाठी सार्वजनिक धोरण व व्यवस्थापन हा अभ्यासक्रम सुरू केला. सैन्यदलांतून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत विविध व्यवस्थापन संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालविले जातात. अल्पसेवा कमिशनवरील अधिकारी दहा वर्षांची, किंवा मुदतवाढ घेतल्यास चौदा वर्षांची, सेवा संपवून ऐन तिशीत बाहेर पडतो. त्याच्यापुढे नव्या क्षेत्राचा प्रश्न उभा असतो आणि अशा वेळी हे अभ्यासक्रम पुलाचे काम करतात.

भारतीय व्यवस्थापन संस्थांना पूर्वी केवळ पदविका देता येत असे. भारतीय व्यवस्थापन संस्था कायदा, २०१७ हा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाल्यावर त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. पदवी आणि पदविका यांतील फरकामुळे काही शासकीय पदांबाबत व परदेशातील पुढील शिक्षणाबाबत पूर्वी निर्माण होणारा संभ्रम त्यामुळे कमी झाला आहे.

निवडीत वयाचा परिणाम कोठे होतो?

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची निवड केवळ कॅटच्या गुणांवर होत नाही. दहावी, बारावी व पदवीचे गुण, शैक्षणिक विविधता, कामाचा अनुभव, मुलाखत आणि लेखी अभिव्यक्ती यांना प्रत्येक संस्था आपापल्या सूत्रानुसार भारांक देते. अधिक वयाच्या उमेदवारास यांतील दोन बाबी अडचणीच्या ठरतात. पहिली म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे दहावी-बारावीचे गुण आता बदलता येत नाहीत. दुसरी म्हणजे अनुभवाला दिले जाणारे गुण अनेक सूत्रांत सुमारे तीन वर्षांनंतर वाढत नाहीत. त्यामुळे तीन वर्षे काम केलेला आणि बारा वर्षे काम केलेला उमेदवार या रकान्यात समान पातळीवर येतात. येथे जादा वर्षांचा तोटा नसला, तरी लाभही होत नाही.

एका वर्षाच्या अभ्यासक्रमात हे गणित बदलते. जुन्या गुणांपेक्षा कामाचे स्वरूप, त्यातील वाढती जबाबदारी, हाताखालील माणसे, घेतलेले निर्णय व त्यांचे परिणाम यांना अधिक महत्त्व दिले जाते. प्रवेश परीक्षेचे गुण पात्रता सिद्ध करतात, पण निवड ठरते ती कामाच्या लेखाजोख्यावर. म्हणूनच दहावीला साधारण गुण असलेल्या, पण कारखान्यात किंवा बँकेत ठोस काम केलेल्या उमेदवाराने हा मार्ग आधी तपासावा.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत अनेक वर्षे घालविलेल्या उमेदवारांची स्थिती येथे विशेष नाजूक असते आणि ती स्पष्टपणे समजून घेणे त्यांच्या हिताचे आहे. परीक्षेच्या तयारीची वर्षे पूर्णवेळ कामाचा अनुभव म्हणून धरली जात नाहीत. बत्तिसाव्या वर्षी नागरी सेवा परीक्षेचे प्रयत्न संपलेल्या आणि कधीही नोकरी न केलेल्या उमेदवारास एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचे दार त्या क्षणी बंदच असते. दोन वर्षांचे दार उघडे असते. परंतु तेथे दहा वर्षांनी लहान सहाध्यायांबरोबर प्रारंभीच्या पदांसाठी स्पर्धा करावी लागते आणि रिकाम्या दिसणाऱ्या वर्षांविषयी प्रत्येक मुलाखतीत उत्तर द्यावे लागते. अशा उमेदवाराने प्रथम नोकरी पत्करणे, मग ती सहकारी बँकेतील असो, स्वयंसेवी संस्थेतील असो वा शिक्षणसंस्थेतील, आणि चार-पाच वर्षे जबाबदारीने काम करून मग एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा विचार करणे, हा अनेकदा अधिक फलदायी मार्ग ठरतो. तोपर्यंत वय ३७ होईल, ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण अनुभव न घेताही ते ३७ होणारच असते.

तयारी सुरू असतानाही उमेदवारास एक खबरदारी घेता येते. अभ्यासाबरोबर अर्धवेळ अध्यापन, संपादन, लेखापालन किंवा कौटुंबिक व्यवसायातील निश्चित जबाबदारी स्वीकारल्यास आणि तिची कागदोपत्री नोंद ठेवल्यास ती वर्षे पूर्णपणे रिकामी दिसत नाहीत. अर्धवेळ काम पूर्णवेळ अनुभवाच्या अटीत बसले नाही, तरी मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

परीक्षेची तयारी आणि वय

आपली बुद्धी आता पूर्वीसारखी चालणार नाही, ही शंका अधिक वयाच्या उमेदवाराला सर्वाधिक सतावते. या बाबतीत मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विस्ताराने मांडलेला सिद्धांत मार्गदर्शक ठरतो. त्यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. अपरिचित प्रश्न झटपट सोडविणारी ती प्रवाही बुद्धी, तर शब्दसंग्रह, ज्ञान व अनुभव यांतून घडलेली ती स्फटिकीभूत बुद्धी. तरुणपणानंतर पहिलीचा वेग हळूहळू मंदावतो. दुसरी मात्र पुढेही दीर्घकाळ वाढत राहते.

परीक्षेच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे. आकलन व उताऱ्यांच्या विभागात अधिक वयाचा, वाचनाची सवय असलेला उमेदवार सहसा मागे नसतो. संख्यात्मक व तर्कविषयक प्रश्नांत मात्र वेगासाठी अधिक सराव लागतो. शिवाय या विभागातील बरीचशी अडचण वयामुळे नव्हे, तर शाळेतील अंकगणित व बीजगणित विस्मरणात गेल्यामुळे येते. ती पुनराभ्यासाने दूर होण्यासारखी असते. म्हणून तयारीचे पहिले दोन-तीन महिने आठवी ते दहावीच्या गणिताला देणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

कॅट ही २००९ पासून संगणकावर घेतली जाते. २०२० पासून ती दोन तासांची असून प्रत्येकी ४० मिनिटांचे तीन विभाग असतात. प्रत्येक बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात, तर चुकीच्या बहुपर्यायी उत्तराचा एक गुण वजा होतो. तिचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते ग्राह्य असतात. एका वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठी मुख्यतः जीमॅट किंवा जीआरई या परीक्षांचे गुण मागितले जातात. काही संस्था कॅटचे गुण किंवा स्वतःची चाचणीही स्वीकारतात. जीमॅटचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलले. आता ती सव्वादोन तासांची असून तीन विभागांत ६४ प्रश्न असतात आणि निबंधाचा भाग वगळण्यात आला आहे. तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात. नोकरी व घर सांभाळून तयारी करणाऱ्यास ही बाब महत्त्वाची आहे. कामाचा ताण कमी असलेल्या वर्षी परीक्षा देऊन ठेवता येते आणि अर्ज योग्य वेळी करता येतो.

अर्ज, शिफारस आणि मुलाखत

अनुभवी उमेदवाराच्या अर्जात निबंध व शिफारसपत्रे असतात. येथे सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पदनामांची यादी. ‘कनिष्ठ अभियंता, सहायक अभियंता, उपव्यवस्थापक’ असा क्रम लिहिल्याने सेवेची वर्षे कळतात. त्या वर्षांत काय घडले, ते कळत नाही. याउलट ‘पाळी बदलताना यंत्र सरासरी ४० मिनिटे बंद राहत असे, कामगारांशी चर्चा करून हस्तांतराची पद्धत बदलली आणि तो वेळ १५ मिनिटांवर आला’ असे एक वाक्य उमेदवाराची दृष्टी, माणसांशी वागण्याची रीत आणि परिणाम या तिन्ही गोष्टी सांगून जाते. दहा वर्षांच्या सेवेतून असे चार-पाच प्रसंग निवडणे हीच अर्जाची खरी तयारी होय. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या, पण दूरच्या व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्याने प्रत्यक्ष काम पाहिले आहे अशा वरिष्ठाकडून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

मुलाखतीत तीन प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारले जातात. हे शिक्षण आत्ताच का? ते पूर्वी का घेतले नाही? आणि वयाने लहान सहाध्यायी किंवा पुढे वयाने लहान वरिष्ठ यांच्याबरोबर काम करता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘प्रगती खुंटली’ असे देणे अपुरे आहे. कोणत्या टप्प्यावर कोणते ज्ञान कमी पडले, ते सांगावे लागते. उदाहरणार्थ, उत्पादन विभाग उत्तम सांभाळणाऱ्या अभियंत्याला नव्या प्रकल्पाचा ताळेबंद मांडता आला नाही, हे प्रामाणिक व पटणारे कारण होय. दुसऱ्या प्रश्नाला घरची जबाबदारी, पालकांचे आजारपण किंवा पैशाची अडचण हे खरे कारण असेल, तर ते संकोच न बाळगता थोडक्यात सांगावे. अपत्यसंगोपनासाठी काही वर्षे नोकरी सोडलेल्या महिलांनाही हेच लागू पडते. खंडाची लपवाछपवी केल्यास शंका वाढते; खंडापूर्वीचे काम आणि परतण्याची ठोस तयारी दाखविल्यास ती कमी होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दांपेक्षा वागण्यातून मिळते. मुलाखतीत प्रत्येक मुद्द्यावर आपला अनुभवच अंतिम मानणारा उमेदवार शिकण्यास तयार नाही, असे निवड मंडळाचे मत होऊ शकते.

आर्थिक बाजू

तरुण व प्रौढ उमेदवारांतील सर्वांत मोठा फरक शुल्कात नसून सोडाव्या लागणाऱ्या वेतनात असतो. अर्थशास्त्रात यास संधी-परिव्यय म्हणतात. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. २६ वर्षांच्या उमेदवाराचे वार्षिक वेतन ६ लाख रुपये आहे आणि तो २५ लाख रुपये शुल्काचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो. त्याचा एकूण परिव्यय ३७ लाख रुपये होतो. पुढे वेतन २० लाख झाल्यास दरवर्षी १४ लाखांची वाढ मिळते आणि परिव्यय तीन वर्षांच्या आत भरून निघतो. आता ३६ वर्षांच्या उमेदवाराचे वेतन २० लाख रुपये आहे असे मानू. ३० लाख शुल्काचा एका वर्षाचा अभ्यासक्रम केल्यास त्याचा परिव्यय ५० लाख रुपये होतो. वेतन २८ लाख झाल्यास वार्षिक वाढ ८ लाखांची, म्हणजे परिव्यय भरून येण्यास सव्वासहा वर्षे लागतात. याच उमेदवाराने २५ लाखांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडला, तर परिव्यय ६५ लाखांवर जातो आणि तो भरून येण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. कर, व्याज व नियमित वेतनवाढ यांचा यात विचार केलेला नाही. तरीही शुल्क कमी असूनही दीर्घ अभ्यासक्रम प्रौढ उमेदवारास महाग का पडतो, हे यातून स्पष्ट होते.

शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीची मुदत अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष सोडून साधारणतः १५ वर्षांपर्यंत असू शकते. ३६ व्या वर्षी घेतलेले कर्ज पूर्ण मुदतीने फेडल्यास ते ५३ व्या वर्षापर्यंत चालेल. ती वर्षे बहुधा अपत्यांच्या उच्च शिक्षणाचीही असतात, हे विसरून चालणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेतून दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. मात्र तीन टक्के व्याज सवलत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे चांगल्या वेतनाची नोकरी करणारा उमेदवार तिच्या कक्षेबाहेर जातो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातील वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण केवळ जुन्या करप्रणालीत.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अध्ययन रजेची तरतूद उपलब्ध आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ नुसार पाच वर्षांची सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास त्याच्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या अभ्यासासाठी एका वेळी साधारणतः १२ महिने व संपूर्ण सेवेत २४ महिन्यांपर्यंत ही रजा मंजूर होऊ शकते. परतल्यावर निश्चित काळ सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. एका वर्षाचा अभ्यासक्रम या नियमाशी अधिक सहजपणे जुळतो.

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या विवाहित उमेदवाराने कुटुंबाच्या प्रवासपरवान्याची अट आधी पाहावी. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, संशोधनेतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंबीयांना सोबत नेता येत नाही. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदारास सोबत राहता येते, पण त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. देशातील काही निवासी संस्थांत मात्र सहकुटुंब राहण्याची सोय असते.

फसव्या वाटा

घाईत असलेला प्रौढ उमेदवार जाहिरातींचे सोपे लक्ष्य असतो. ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा नावाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता. कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी तो पदवीचा आहे, पदविकेचा की केवळ प्रमाणपत्राचा, हे लेखी तपासावे. नामवंत संस्थेच्या नावाने दिले जाणारे काही महिन्यांचे प्रमाणपत्र उपयुक्त असू शकते; परंतु ते एमबीए नव्हे. भरतीविषयीच्या आकडेवारीत सरासरी वेतनाऐवजी मध्यक पाहावा, कारण दोन-चार मोठ्या वेतनांमुळे सरासरी फुगते. शक्य असल्यास आपल्याच वयाच्या व क्षेत्राच्या माजी विद्यार्थ्याशी बोलावे.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये आयुष्यभर शिकत राहण्याच्या संधींवर भर देण्यात आला आहे. शिक्षण, नोकरी आणि निवृत्ती असे आयुष्याचे तीन सरळ तुकडे पाडण्याची पद्धत बदलत्या अर्थव्यवस्थेत टिकणारी नाही. व्यवस्थापन शिक्षणाने या बदलाची दखल इतर अनेक शाखांच्या आधी घेतली, असे म्हणता येईल.

प्रौढ उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःलाच काही साध्या प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत. पूर्णवेळ कामाची वर्षे किती? त्यांतून दाखविता येण्याजोगे काय घडले? नेमके कोणते ज्ञान कमी पडते? आणि घर किती काळ वेतनाविना चालू शकते? उत्तरे पाच वर्षांहून अधिक ठोस अनुभवाकडे निर्देश करीत असतील, तर एका वर्षाचा अभ्यासक्रम. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर शनिवार-रविवारचा किंवा दूरशिक्षणाचा. अनुभवच नसेल, तर आधी काम, अशी दिशा बहुतेक वेळा आपोआप स्पष्ट होते. स्पर्धा परीक्षेत वय हा पात्रतेचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर जन्मतारखेच्या दाखल्यात असते. व्यवस्थापन संस्थेच्या दारात तोच प्रश्न वेगळ्या स्वरूपात विचारला जातो आणि त्याचे उत्तर उमेदवाराला आपल्या कामातून देता येते.